वाचक विचारतात: सयामी खरी कुठली आणि बोलते किती

या महिन्यात टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सयामी मांजरांचेच प्रश्न एवढे आलेत की कुत्रे, पोपट आणि फिश टँकवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार, सॉरी. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न: ताई, दिराने पुण्याहून पिल्लू आणलंय, 'ट्रॅडिशनल सयामी' म्हणून दिलं त्यांना. पण नेटवर सयामी टाकलं की निमुळत्या तोंडाची, मोठ्ठ्या कानांची, किडकिडीत मांजरं दिसतात. आमच्या हिचं तोंड गोल, गाल भरलेले. फसवलं काय हो आम्हाला? (फोंडा)

उत्तर: लगेच फसवलं म्हणू नका. तुमची जुन्या धाटणीची सयामी असू शकते, आणि गंमत अशी की नेटवरची निमुळत्या तोंडाची जी आहे ना, तीच नंतरची आहे. सयाम म्हणजे आजचं थायलंड, तिथे मांजरांवरच्या जुन्या सचित्र पोथ्या आहेत, त्यात फिकं अंग आणि काळं तोंड-कान-शेपटी असलेलं मांजर चक्क काढलेलं आहे, विचियनमात म्हणतात त्याला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली जो गाजलेला कॅट शो झाला त्यात सयामी मांडलेली होती, पण लोकांना ती काही पसंत पडली नाही, काहींना तर बघून भीतीच वाटली. अमेरिकेत त्याच दशकाच्या शेवटी बँकॉकमधल्या अमेरिकन वकिलातीच्या प्रमुखाने राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या बायकोला एक सयामी भेट पाठवली, म्हणजे ती थेट व्हाइट हाउसमध्येच उतरली. आणि १८८४ मध्ये बँकॉकच्या ब्रिटिश वकिलातीतल्या गूल्ड नावाच्या अधिकाऱ्याने बहिणीसाठी एक जोडी इंग्लंडला नेली, फो आणि मिया, तिथून मग शोमध्ये त्यांचा बोलबाला सुरू झाला. १९०१ मध्ये तर इंग्लंडात सयामीचा स्वतःचा क्लबच निघाला.

त्या काळचे फोटो बघा, तुमच्या पिल्लासारखीच तोंडं आहेत सगळी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोच्या जजना लांब-निमुळतं आवडायला लागलं, ब्रीडर लोक दर पिढीत अजून थोडं लांब, अजून थोडं बारीक असं करत गेले, आणि ऐंशीच्या दशकापर्यंत जुनी सयामी शोमधून जवळजवळ बाहेरच फेकली गेली. काही हट्टी लोकांनी ती घरी सांभाळली म्हणून राहिली. युरोपात १९९० च्या सुमारास वर्ल्ड कॅट फेडरेशनने तिला 'थाई' नावाने वेगळी जात मानलं, अमेरिकेतल्या टिका या संस्थेने २०१० मध्ये तिला चॅम्पियनशिपचा दर्जा दिला. ट्रॅडिशनल, अ‍ॅपलहेड, थाई ही सगळी नावं साधारण याच मांजराच्या मागे लागतात.

आता दुसरी बाजू. गोल तोंड आहे म्हणजे जुनी सयामी, असंही नाही, कारण आपल्या गावठी मांजराशी क्रॉस झालं तरी तोंड गोलच येणार. डोळे बघा, निळेच पाहिजेत, आयुष्यभर निळे. हिरवट-पिवळसर असतील तर विषय संपला. केस आखूड, अंगाला चिकटून, खाली लोकरीसारखा थर जवळजवळ नाहीच. आणि आई-बापाचे फोटो मागा दिराकडून, ते मिळाले तर अर्धं काम झालं. नाही मिळाले तरी मांजर ठेवाच, तुम्हाला काय शोमध्ये न्यायचीय.

प्रश्न: आणली तेव्हा जवळजवळ पांढरी होती. आता वर्षाची झालीय तर नाक, कान, पाय, शेपटी काळपट चॉकलेटी. ते ठीक आहे, पण पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलं तेव्हा कुशीचे केस काढले होते, तिथे नवीन केस गडद आलेत, चौकोनी डागच दिसतो. दवाखान्यात काही चुकीचं औषध लावलं असेल का? (म्हापसा)

उत्तर: अजिबात नाही, तुमच्या डॉक्टरांना सोडा बिचाऱ्यांना. हा प्रश्न आला की मला खरं तर आनंदच होतो कारण सयामीची सगळी जादू या चौकोनी डागातच आहे.

केसाला रंग देणारं एक एन्झाइम असतं शरीरात, टायरोसिनेज. सयामीत ते जन्मतःच थोडं बिघडलेलं असतं, म्हणजे गरम जागी काम करत नाही, थंड जागीच करतं. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश, पोट-पाठ गरम, तिथे एन्झाइम बंद, केस फिके. कानाची टोकं, नाक, पंजे, शेपटी ही शरीराच्या काठावरची, थंड, तिथे एन्झाइम चालू, केस गडद. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब म्हणून पिल्लू जन्मताना पांढरं. मग पहिल्या काही दिवसांत कानाच्या कडेवर पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक करडी रेघ येते, नाकाच्या टोकाला राखाडी छटा येते, आणि तिथून हळूहळू मुखवटा भरत जातो. ज्यांनी घरी पिल्लं वाढवलीत त्यांना माहितीय, ती रेघ रोज उजेडात धरून बघायचा नादच लागतो.

तुमच्या हिचं काय झालं, की कुशीचे केस काढले, कातडी उघडी पडली, ती थंड झाली आणि नवीन केस उगवताना एन्झाइम जागं झालं. १९३० साली रशियातल्या दोन संशोधकांनी मुद्दाम सयामीचे केस काढून, थंडीत-उबेत ठेवून हेच दाखवलं होतं. आता केस पुरते वाढलेत म्हणजे कातडी परत झाकली, पुढच्या वेळी ते केस गळून नवे येतील ते बहुतेक फिके येतील. काही महिने लागतील, थांबा.

यातूनच दुसरं एक कळतं. थंड देशातली सयामी जास्त काळपट होते आणि आपल्याकडच्या दमट उकाड्यात बऱ्याच जणी फिक्या, साईच्या रंगाच्या राहतात. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एसीत लोळणारी आणि तिचीच बहीण काणकोणला मंगलोरी कौलांच्या घरात राहणारी, दोघींच्या रंगात फरक पडू शकतो. वय वाढलं की सगळ्याच गडद होत जातात. तेव्हा रंग बदलला म्हणून घाबरायचं नाही, पण केसच जायला लागले, गोल टक्कल, कोंडा, खाज असं काही दिसलं तर ते वेगळं, पावसाळ्यात आपल्याकडे फंगस जोरात असतो आणि तो मुलांच्या अंगावरही येतो, त्याला दवाखानाच.

प्रश्न: डोळे जरा तिरळे वाटतात आणि शेपटीच्या टोकाला गाठ आहे. पडली असेल का लहानपणी? (वास्को)

उत्तर: पडलेली नाही. जुन्या सयामींत दोन्ही गोष्टी सर्रास असायच्या. ज्या रंगद्रव्याच्या कमीमुळे डोळे निळे होतात त्याच कमीमुळे डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या काही नसा चुकीच्या बाजूला जातात, आणि काही मांजरं ते सावरायला डोळे आत वळवतात. शेपटीची गाठ मणक्याच्या हाडातली, ती वेगळी आनुवंशिक गोष्ट. शोवाल्यांना दोन्ही नकोत म्हणून ब्रीडरांनी ती काढत आणली. दुखत नाही, शेपटी ओढून सरळ करायला जाऊ नका एवढंच. मात्र तिरळेपणा जन्मापासून नसून अचानक आला असेल तर डॉक्टरला दाखवा.

प्रश्न: ताई वाचवा. मडगावात तिसऱ्या मजल्यावर राहतो, आम्ही दोघंही नोकरीवाले. सहा महिन्यांची सयामी आहे, रात्री दोन वाजता सुरू होते ती पहाटेपर्यंत ओरडते, शेजारचे काका सोसायटीत तक्रार करतो म्हणालेत. आजारी आहे का? आवाज पण कसला, मांजराचा वाटतच नाही. (मडगाव)

उत्तर: आवाज सयामीचाच आहे, खरखरीत, खालच्या पट्टीतला, तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा. गावठी मांजर भूक लागली, दार उघडायचंय, एवढ्यापुरतं म्याव करतं. सयामी तुमच्याशी बोलते, म्हणजे अक्षरशः उत्तर द्यायची वाट बघते, तुम्ही 'काय गं' म्हटलं की परत काहीतरी सांगते. माझ्याकडे काजू नावाची एक आहे, मी फोनवर असले की ती मध्ये बोलते, बोलणाऱ्याला वाटतं घरात पाहुणे आलेत. तेव्हा आधी हे मनात धरा की शांत सयामी हवी असेल तर ते जमायचं नाही. फक्त रात्रीची दिवसा आणता येते.

पण सहा महिन्यांची आहे ना? ऑपरेशन झालंय का, हे तुम्ही लिहिलंच नाहीये. सयामी लवकर वयात येते, चार-पाच महिन्यांतच माजावर आलेल्या मी बघितल्यात, आणि माजावर आलेली सयामी म्हणजे काकांची तक्रार अगदी रास्त आहे. जमिनीला पोट लावून सरपटणं, पाठ खाली दाबली की शेपटी बाजूला करणं, लोळणं, हे दिसत असेल तर तेच कारण. डॉक्टरांशी बोलून ऑपरेशनची तारीख घ्या, निम्मी रात्र तिथेच शांत होईल. नर असेल तर ऑपरेशनशिवाय भिंतीवर लघवीचे फवारेही येतात, ऑपरेशनने तेही टळतं.

उरलेली निम्मी रात्र ही कंटाळ्याची आहे. तुम्ही नऊला जाता, सहाला येता, ती दिवसभर झोपते, आणि तुम्ही झोपलात की तिची ड्यूटी सुरू. एकटेपणा सहन न होणाऱ्या जातींत सयामी पहिल्या नंबरावर आहे, हे विकणारा कधी सांगत नाही. संध्याकाळी आल्यावर मोबाईल बाजूला ठेवून पंधरा-वीस मिनिटं दोरीला पीस बांधून तिला धाप लागेपर्यंत पळवा, दमली की लगेच जेवण द्या, दिवसातली सगळ्यात मोठी वाटी रात्रीची ठेवा. खेळ, शिकार, खाणं, चाटणं, झोप, मांजराचं चक्र असं चालतं, ते तुम्ही रात्री दहाला पूर्ण करून दिलं की ती झोपते. दोन वाजता ओरडली की उठून खायला द्यायचं नाही, एकदा दिलंत की तिला कळलं, ओरडलं की मिळतं, मग देवसुद्धा तुम्हाला झोपवू शकणार नाही. ओरडणं आधी काही दिवस वाढेल, काकांना त्याआधी एक काजूकतलीचा डबा देऊन सांगून ठेवा.

आणि शक्य असेल तर जोडीला दुसरं मांजर आणा. सयामीच पाहिजे असं नाही, बाजारातलं गावठी पिल्लूही चालतं, वय जवळपासचं असावं. तिसरा मजला म्हणालात म्हणून सांगते, बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी आजच्या आज, मांजर वरून पडलं की पायावरच पडतं आणि काही होत नाही हे खोटं आहे, जबडे, छाती, पाय सगळं मोडतं. पुढे कधी वय झालेली, दहा-बारा वर्षांची मांजरी अचानक रात्री ओरडायला लागली तर मात्र कंटाळा समजू नका, थायरॉइड, बीपी, किडनी तपासून घ्यायचं.

प्रश्न: आमच्याकडे शीत-कडी (भात-कालवण) आणि तळलेला बांगडा हेच जेवण, मांजरंही तेच खाऊन पिढ्यान्‌पिढ्या जगली. या विलायती मांजरीला वेगळं कशाला? (बेतूल)

उत्तर: तुमची ती मांजरं शीत-कडीवर नव्हती हो जगत, उंदीर, पाली, टोळ, जेटीवरची आतडी खाऊन जगत होती, शीत-कडी वरून. घरात कोंडलेल्या सयामीकडे तो साइड बिझनेस नाही. मांजराला टॉरीन नावाचं एक पोषकद्रव्य लागतं, ते फक्त मांसा-मासळीतून येतं, भातात शून्य, आणि उकडून पाणी फेकलं की त्यातलं बरंच पाण्यासोबत जातं. १९८७ मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं गेलं की मांजरांचं हृदय फुगून निकामी होण्यामागे हीच कमी आहे, आणि टॉरीन दिलं की कित्येक सुधारतात, तेव्हापासून कंपन्या कॅट फूडमध्ये ते वाढवून घालायला लागल्या. कमी पडलं तर डोळ्याचा पडदाही जातो.

मासळी द्या, गोव्यात राहून मासळी देऊ नका असं म्हणणाऱ्याला मांजर माफ करणार नाही. पण आठवड्यातून दोनदा-तीनदा, उकडून, काटे काढून, मिठाशिवाय. रोज फक्त तारले-बांगडे दिले तर त्या तेलाने अंगातल्या चरबीला सूज येते, मांजर हात लावू देत नाही, ताप येतो. काही कच्च्या मासळीत बी-वन व्हिटॅमिन खाऊन टाकणारं एन्झाइम असतं म्हणून कच्ची नको. कडीतला कांदा-लसूण तर मांजराच्या रक्तपेशी फोडतो, तो थोडासुद्धा नको. आणि १ जून ते ३१ जुलै मच्छीबंदीत घरोघरी खारवलेलं, सुकवलेलं निघतं, तो खारा बांगडा मांजरासमोर टाकू नका, एवढं मीठ तिच्या किडनीला झेपत नाही. रोजचा पाया म्हणून चांगलं कॅट फूड, त्यात शक्यतो थोडं ओलं, वर उकडलेलं चिकन, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी. बस.

प्रश्न: गणेशचवथीला गावच्या घरी जायचंय, पाच दिवस. मांजर फ्लॅटवर ठेवावी, की न्यावी? गावी घराला लागून कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आहे, मोकळी सोडली तर चालेल का? (पणजी, गाव सत्तरी)

उत्तर: पाच दिवस एकटी नको, दुसरी जात असती तर शेजाऱ्याने दोनदा येऊन बघितलं तर चाललं असतं, सयामी मात्र दोन दिवसांतच खाणं सोडून बसते, आणि मांजराने खाणं सोडलं की लिव्हर लवकर बिघडतं. न्या. फक्त पिशवीत किंवा मांडीवर नाही, प्लास्टिकच्या कॅरियरमध्ये, आणि तो कॅरियर आठवडाभर आधीपासून हॉलमध्ये उघडा ठेवा, आत तिचं जुनं फडकं घालून. चोर्ल्याच्या बाजूची वळणं आहेत, निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका.

तिथे गेल्यावर एक खोली तिची. दार बंद, वाळूचा ट्रे, पाणी, तिचंच अंथरूण. आरतीला घुमट-झांज सुरू झालं, फटाके लागले की पाहुणे दार उघडं टाकतात आणि मांजर कुळागरात गायब, दरवर्षी चवथीनंतर मला असे फोन येतात. मोकळी तर अजिबात सोडू नका. पोफळीत पावसाळ्यात फुरसं, नाग, घोणस सगळं असतं, आणि सयामी एवढी आगाऊ की हलणारं काहीही दिसलं की आधी नाक लावते. शिवाय विहीर, भटके कुत्रे, बोके, आणि खरं सांगायचं तर चोरी, निळ्या डोळ्यांचं मांजर कुणीही उचलतं.

गणपतीच्या वर फळं-वेली टांगून बांधतात त्या माटोळीचंही बघा. ती लोंबती फळं बघून मांजर उडी मारणारच, पण मला जास्त काळजी रानातल्या वेलींची आहे, कळलावीचं फूल त्यात बांधलं असेल तर ते भयंकर विषारी, गळून पडलेल्या पाकळ्या लगेच उचला. कुणी लिलीचा गुच्छ आणला तर तो घरात ठेवूच नका, त्याचे परागकण अंगावर पडून चाटले तरी किडनी बंद पडते. आणि गावात गोचीड झाली म्हणून कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध मांजरीला टाकायचं नाही हां, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, झटके येऊन मरतात मांजरं. तापाची पॅरासिटामोल गोळी पण तसलीच जीवघेणी.

प्रश्न: फेसबुकवर जाहिरात बघितली, 'सयामी पर्शियन, फुल पंच फेस, ट्रिपल कोट, पेपरसहित, ४५ दिवसांचं पिल्लू'. घ्यावी का? (डिचोली)

उत्तर: एका ओळीत इतक्या चुका मी क्वचित बघितल्यात. पंच फेस, सेमी पंच, डॉल फेस (तोंड किती चपटं ते), ट्रिपल कोट (केस किती दाट ते) ही पर्शियनच्या बाजारातली भाषा, सयामीला तिचा काही संबंध नाही. लांब केस आणि सयामीचा रंग म्हणजे हिमालयन, ती जात १९३० च्या दशकात अमेरिकेत पर्शियन आणि सयामीच्या संकरातून मुद्दाम तयार केली. वाईट नाही, पण स्वभाव पर्शियनकडे झुकतो, थंड, गप्प, आणि चेहरा फार चपटा असेल तर श्वासाचा त्रास, डोळ्यातून सतत पाणी. आपल्या मे महिन्यात तिला बघवत नाही. मला विचाराल तर गोव्यात चपट्या तोंडाचं मांजर आणणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच आहे.

दुसरं, तो रंग देणारा जीन मागे राहणारा आहे, दोन साध्या मांजरांच्या अंगात लपलेला असेल तर त्यांच्या पोटी निळ्या डोळ्यांचं, काळ्या तोंडाचं पिल्लू निघू शकतं. म्हणून रंग बघून सयामी ठरवायची नाही. सयामी म्हणजे आधी स्वभाव, मग बांधा, मग रंग, आणि बाजारात नेमकं उलटं विकतात.

पेपर म्हणजे काय पेपर, ते विचारा. पेडिग्री म्हणजे आई-बाप, आजी-आजोबांची नावं, नोंदणी नंबर, आणि ती नोंदणी कुठल्या संस्थेची, वर्ल्ड कॅट फेडरेशनशी जोडलेला क्लब, टिका, सीएफए असं काहीतरी. दुकानाच्या शिक्क्याचं लसीकरणाचं कार्ड म्हणजे पेडिग्री नाही. आणि ४५ दिवस? आपल्या देशात पेट शॉपच्या २०१८ च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि इंग्लंडच्या जीसीसीएफ या संस्थेचा तर तेरा आठवड्यांचा दंडक आहे. आईपाशी, भावंडांत राहूनच पिल्लू चावायचं किती, नखं कधी आत घ्यायची हे शिकतं. घाई करणारा ब्रीडर नको.

चांगल्याकडे गेलात तर तो तुम्हाला आई दाखवेल, घरात फिरणारी, पिंजऱ्यातली नाही. सयामीत डोळ्याचा पडदा हळूहळू सुकून आंधळेपणा आणणारा एक आनुवंशिक आजार असतो, गालाच्या आतून कापूस फिरवून त्याची डीएनए टेस्ट होते, आई-बापाची केलीय का विचारा. दमा आहे का घराण्यात, तेही. उत्तर न देता रंगाचंच कौतुक करत राहिला तर चहा पिऊन परत या.

प्रश्न: म्हापशाच्या बाजारात किती पिल्लं रस्त्यावर मरतात. अशा वेळी हजारो रुपये घालून परदेशी मांजर आणणं तुम्हाला पटतं? (कळंगुट)

उत्तर: अर्धं पटतं तुमचं. ज्यांना फक्त मांजर हवंय त्यांना मी नेहमी सांगते, बाजारातलं उचला, लस द्या, ऑपरेशन करा, पंधरा वर्षं सोबत मिळेल, आणि आपल्या हवेला ती पक्की असतात. पण काही लोकांना खरंच सयामीच हवी असते, ज्यांना एकटं राहावत नाही, ज्यांना घरात कुणीतरी मागे मागे हिंडून बडबडणारं लागतं, निवृत्त झालेली माणसं बऱ्याचदा, त्यांना नाही म्हणून मी काय मिळवणार. फक्त जातीचं मांजर आणून त्याची पिल्लं विकायचा जोडधंदा करणाऱ्यांना माझा सपशेल विरोध आहे. ऑपरेशन सगळ्यांना, गावठी असो की पेडिग्री. आणि लस. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं म्हणून घरातल्या मांजराला रेबीजची लस नको असं काहीजण समजतात, तसं नाही, बारा आठवड्यांनंतर द्यायची आणि डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवायची. बाकीची तिहेरी लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते.

प्रश्न: आईची गोधडी चोखते आणि चावून भोकं पाडते. भुकेली आहे का? (केपे)

उत्तर: नाही, हे सयामीचं घराण्यातलं खूळ आहे, लोकर-कापड चोखणं. लवकर आईपासून तोडलेल्यांत आणि कंटाळलेल्यांत जास्त दिसतं. नुसतं चोखत असेल तर एक जुना टॉवेल तिच्या नावावर करून टाका, दिवसभरात थोडं थोडं खायला आणि खेळायला द्या, बऱ्याच जणींचं वयाबरोबर कमी होतं. तुकडे गिळत असेल तर मात्र गोधडी कपाटात आणि मांजर डॉक्टरकडे, आतड्यात अडकलं की थेट पोट उघडायची वेळ येते. सुई-दोरा, राखीचे धागे, फुलांच्या गजऱ्याचा दोरा, सगळं डब्यात. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतडं कापलं जातं, तसाच ठेवून दवाखाना गाठायचा.